सोबत्यांचा बाक

तिसऱ्या खोलीतही दारुडे सापडले नाहीत.

पहिल्या खोलीत घोरणाऱ्यांची बैठक होती आणि निम्मे सभासद तिथंच सराव करत होते. दुसऱ्या खोलीत वजन उतरवणारे. त्यांनी दादाच्या पोटाकडे बघून आनंदानं खुर्ची पुढे सरकवली. तिसऱ्या खोलीत माणसं विनाकारण खदाखदा हसत होती. "हीच!" म्हणत दादा आत घुसला. तो हास्यक्लब निघाला.

"वरच्या मजल्यावर बघू," धाकटा भाऊ म्हणाला.

"बघू म्हणजे? तुझी सोडवल्याशिवाय मी घरी जातोय होय!"

दोघं भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गेल्या आठवड्यात दादाच्या बायकोनं जेवताना पळी आपटून सांगितलं होतं, "तीन महिन्यांत या घरातली बाटली गेली नाही, तर मी जाईन." दादाचा घास घशातच अडकला. तेवढ्यात धाकट्यानं मान खाली घातली. "वहिनी, चुकलं माझं."

दादा बघतच राहिला. हा पण घेतो? आणि मला पत्ता नाही? दादा स्वतः घ्यायचा, पण ते शिडीवर उभं राहून दमलेल्या माणसाचं घेणं. त्याची गोष्ट वेगळी.

वरच्या मजल्यावर दारू सोडणाऱ्यांच्या एक सोडून दोन बैठका निघाल्या. पहिल्या दारातल्या माणसानं दादाचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "किती वर्षं झाली?"

"अहो, मी सोबत आलोय!" दादा भडकला आणि धाकट्याला ओढतच बाहेर आला. "यांना माणसं ओळखता येत नाहीत, हे काय सोडवणार, कप्पाळ!"

दुसऱ्या दारावर पाटी होती: सोबत्याशिवाय प्रवेश नाही. दादानं आधी अक्षर तपासलं. बरं होतं. आत एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या.

"पिणारा कोण?"

धाकट्यानं हात वर केला.

"मग हा पुढे खुर्चीवर. तुम्ही सोबती. तुमचा बाक मागे, पंख्याखाली. नियम एकच. तो सोडतोय तोवर सोबत्यानंही थेंब घ्यायचा नाही. त्याला मोह होतो."

"हात्तिच्या, एवढंच?" म्हणत दादानं दोन्ही हात खिशात घातले.

बाकावर मोठी चांगली माणसं भेटली. एका घड्याळजीनं जावयाला आणलं होतं. एका हेडमास्तरांनी शिपायाला. एका बसड्रायव्हरनं तर चक्क बायकोला. "गाईसारखी गरीब हो! पण मी झोपलो की घेते म्हणे," तो कपाळाला हात लावून म्हणाला. चौघं घाम पुसत, लवंगा चघळत, पुढच्यांची कीव करत बसले.

रविवारमागून रविवार गेले. पहिले दोन बाकाला फार जड गेले, पण आपल्या माणसासाठी माणूस काय काय करत नाही! पुढचे एकेक जण उठून कबुली द्यायचे. धाकटा म्हणाला, "एकदा मी शिडीवरच झोपलो. खालून गिऱ्हाईक हाका मारतंय आणि मी म्हणतोय, अगं, चहा ठेव."

दादा पोट धरधरून हसला. "अगदी माझ्यासारखंच झालं की याचं! शेवटी रक्ताचा भाऊ!"

इकडे दादाच्या पाटीवरची ओळ, जी कायम डोंगर चढायची, ती सपाट रस्त्यानं चालायला लागली. बायको वाढताना गुणगुणायला लागली.

"बघ, आणलं की नाही पोराला ताळ्यावर?" दादा छाती फुगवून म्हणाला.

"आणलंत हो," ती म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

नव्वद दिवस भरले त्या रविवारी तीही बैठकीला आली. नर्सबाईंनी पदकांचा डबा उघडला. "नव्वद दिवस, एक थेंब नाही! उठा!"

पुढची रांग उठली. दादानं हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

पुढच्यांनी मात्र आपापल्या खुर्च्या उचलल्या, उलट्या फिरवल्या, बाकाकडे तोंड करून बसले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. बाई डबा घेऊन थेट बाकापाशी आल्या आणि पहिलं पदक त्यांनी दादाच्या गळ्यात घातलं.

"अहो बाई, चुकताय! पदक त्यांना. आम्ही नुसते सोबती!"

"त्यांना कशाचं?" बाई रिबीन नीट करत म्हणाल्या. "त्यांनी जन्मात थेंब घेतलेला नाही."