स्वप्नालीचा वाफा

“बाबा, मी नाही शिकणार आता. तुम्हाला भाकरी कोण करून घालणार?” शेतकी कॉलेजच्या फाटकात स्वप्नाली पुन्हा तेच म्हणाली. तिची आई जाऊन महिना झाला होता. मी खूप समजावलं, पण ती ऐकेना. शेवटी आम्ही कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आलो.

ऑफिसकडे जाताना मुलींचे वाफे लागले. प्रत्येकीला एक वाफा, आणि त्यातल्या पिकावर तिचे मार्क. स्वप्नालीने मान फिरवली. तिचा कोबी वाळूनच गेला असणार.

“ए बाई, इकडे बघ की!” झारी घेतलेली एक मुलगी ओरडली. “महिनाभर पाळ्या लावून पाणी घातलंय तुझ्या कोबीला. त्या नादात माझे टोमॅटो गेले!”

“काका, तिचं ऐकू नका,” दुसरी म्हणाली. “तिचे टोमॅटो तिच्या आळसाने गेले.”

स्वप्नाली धावलीच. “बाबा, गड्डे धरलेत! पण पानांवर माव्याची कीड पडलीय.” महिन्यात पहिल्यांदा ती हसली. मातीत फतकल मारून बसली आणि फवारणीवरून त्या पोरींशी भांडायलाही लागली.

पाचला ऑफिस बंद होणार होतं. “दाखला घ्यायचा ना?” मी भीत भीत विचारलं.

“थांबा हो बाबा! आधी ही खराब पानं काढू द्या.”

मला इतका आनंद झाला, की मीही तिच्या शेजारी बसलो. पाच वाजेपर्यंत तिला उठू द्यायचं नाही असं ठरवून एकेक पान अगदी सावकाश काढू लागलो.