खड्याच्या मापाची जाळी

बंपरच्या कडांना निळी चिकटपट्टी लावून झाली होती. मिस्त्री गाडीच्या तोंडासमोर मांडी घालून बसला आणि मधली जाळी खाचेत सरकवू लागला. चिकटपट्टी कशाला, तर रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून, हे त्याने न विचारताच सांगितलं होतं. गिऱ्हाइकाने टॉर्च धरायचा, हेही.

तो टॉर्च धरून उभा होता. खरं तर गाडी त्याची नव्हतीच, बायकोची होती. दांडगी, उंच, आणि पाय जरा जोरात पडला की पाठ सीटला चिकटवणारी. लग्नाआधीच तिने ती हौसेने घेतली होती. ती चालवायची आणि तो शेजारी बसून दारावरची कडी घट्ट धरायचा. गाडी चालवताना ती मोठमोठ्याने गायची, तेही बेसूर.

आठ महिन्यांपूर्वी हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला. बंपरच्या उघड्या फटीतून थेट रेडिएटरमध्ये. पाणी गळून गेलं, इंजिन तापलं, आणि ती चार महिन्यांच्या मुलीला घेऊन दोन तास रस्त्याच्या कडेला एकटी उभी राहिली. मुलगी रडून रडून शेवटी गप्प झाली. त्या गप्प होण्याबद्दल ती कुणाशी काही बोलली नाही. घरी आली, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, विकून टाक.

त्याने लगेच विकली नाही. दुरुस्त करून आणली. दर रविवारी धुतली. किल्ली सहज हाताला लागेल अशी इकडेतिकडे ठेवून पाहिली. ती किल्ली बाजूला सारून बसने कामाला जात राहिली. घरात गाणं ऐकू येईनासं झालं. "तुला खरंच विकायची आहे का?" हे विचारायचं मात्र त्याला धाडस होईना. एकदा म्हणाली ते रागात होतं. दुसऱ्यांदा शांतपणे म्हणाली असती, तर मग बोलायला काही उरलंच नसतं. गेल्या महिन्यात त्याने हात टेकले आणि जाहिरात देऊन टाकली.

घेणारा रविवारी गाडी न्यायला येणार होता. हे सांगितलं तेव्हा ती मुलीचे कपडे बदलत होती. मान वर न करता एवढंच म्हणाली, की त्याआधी पुढच्या जाळ्या बसवून आण, दुकानात सांगून ठेवलंय. त्याला वाटलं, जाता जाता लाडक्या गाडीला नटवायची हौस असेल. आला घेऊन.

जाळी बसवता बसवता मिस्त्रीने विचारलं, आता कुठे लांबचा दौरा वाटतं. तो म्हणाला, दौरा कसला, परवा विकतोय.

मिस्त्रीचा हात थांबला.

"विकायच्या गाडीला पॉलिश मारतात, साहेब. जाळी कोण लावतं?"

दिसायला बरी दिसते म्हणून असेल, असं तो काहीतरी पुटपुटला. मिस्त्रीला हसू आलं. दिखाऊ जाळ्या वेगळ्या, म्हणाला, त्यांच्या भोकातून मांजर आरपार जाईल. ही पोलादी तारेची, बारीक विणीची. चार पावलं मागे गेलं तर दिसतसुद्धा नाही. घेणाऱ्याला कळायचंही नाही की काही बसवलंय. आणि तुमच्या घरच्यांनी ती काय सहज घेतली का? दोनदा येऊन गेल्या ताई, बसने, पोर कडेवर घेऊन. मांडणीवरचे सगळे नमुने खाली काढायला लावले. पोरीने एक तोंडात घातला. गंजत नाही, चघळू दे, असं म्हणालो मी.

मग त्याने उठून हात पुसले आणि खणातून कागदाची पुडी आणली. आत करड्या रंगाचा एक खडा होता. हरभऱ्याएवढा, एका बाजूने टोकदार.

"प्रत्येक जाळीवर हा ठेवून बघितला त्यांनी. जिच्यातून पडला नाही, ती घेतली. मला बजावलंय, बसवून झाली की कडेकडेने यानेच तपासा."

खडा त्याने ओळखला. दुरुस्तीवाल्याने रेडिएटरमधून काढून त्याच्याच हातात दिला होता. त्याने तो घरी नेऊन दाखवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो टेबलावर नव्हता. फेकला असेल, असं त्याने धरून टाकलं होतं. तसं त्याने बरंच काही धरून टाकलं होतं.

जाळ्या बसल्यावर त्याने टॉर्च मिस्त्रीच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसला. एकेका कडेवर खडा टेकवत गेला. डाव्या कोपऱ्यात तो सुळकन आत गेला. मिस्त्रीने तोंड वाकडं केलं, पण वाद घातला नाही. जाळी काढली, कड थोडी वळवली, पुन्हा बसवली. आता खडा कुठूनच आत जाईना. त्याने आणखी एक फेरी मारली, उगाचच.

मग भिंतीकडे तोंड करून त्याने घरी फोन लावला. पलीकडे मुलगी कसलासा डबा बडवत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. खड्याने तपासून घेतलं. मी."

डबा वाजत राहिला. त्याने आठ महिने राहून गेलेला प्रश्न जमेल तसा विचारून टाकला.

"रविवारच्या माणसाला काय सांगू?"

"सांग, गाडी घरी नसणार. आम्ही दोघी हायवेने फिरून येतोय. तू मस्त झोप काढ."