पहिल्या फुलाखालची फूट

मागच्या दाराशी बसलेल्या माणसापुढे प्रतिभाने चहाचा कप दुरूनच सरकवला. त्याला उंबरठ्याच्या आत घेता येत नव्हतं. या घराने त्याचं तेरावं उरकून अजून महिनाही झाला नव्हता.

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. तसा ललितने आपल्या वडिलांचा, उखा पाटलांचा, पुतळा जाळला होता. त्याची आई सुगंधाबाई त्यासाठी बरीच वर्षं मागे लागल्या होत्या. 'आत्मा लटकेल शे,' म्हणायच्या. उखा सुरतेला कामाला निघाला तेव्हा ललित नंदुरबारच्या वसतिगृहात होता. नवऱ्याला पहाटेच्या बसने जाताना फक्त सुगंधाबाईंनी पाहिलं होतं.

आणि आता हा माणूस परसात येऊन बसला होता. छातीपर्यंत दाढी, घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. म्हणत होता, मी उखा.

कोरीट गावात निम्म्या लोकांना ते पटलं होतं. गुरुजींनी सांगितलं होतं, खात्री असेल तर याचं पुन्हा बारसं करू, नवं नाव ठेवू, मग घरात घ्या. खात्री नसेल तर दार उघडू नका.

"माय, तू एकदा नीट देख तरी," ललित म्हणाला.

"देखं मी. हाऊ तो नही."

"कशावरथून?"

"माले मालूम शे."

"तुले राग शे त्यासना. इतला वरीस खबर नही धाडी म्हनीसन."

सुगंधाबाईंना एकच हवं होतं, त्या माणसाने उंबरठा ओलांडू नये.

"दाढी काढाले लावा पहिले," ललितची बायको प्रतिभा हळूच म्हणाली. "त्यामाथून कोन निंघी, काय नेम नही."

ललित हसला. बाहेरचा माणूसही हसला असावा. मग तो दाराकडे न पाहता म्हणाला, "सुगंधा, तुन्हा कोपर आजूनबी सरळ व्हत नही का?"

सुगंधाबाईंनी डावा हात पदराखाली घेतला. तो हात विहिरीवर पाय घसरून मोडला होता, असं त्या सांगत आल्या होत्या. ललितने आईकडे पाहिलं.

"हाई कोन सांगनं त्यासले?"

"गावभर मालूम शे," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सुचवलं, "त्याले टमाटानी फूट खुडाले लाव. मालूम पडी जाई."

आईला काय म्हणायचंय ते ललितच्या एकदम लक्षात आलं. परसात दरवर्षी टोमॅटो असत, आणि उखाची त्यांची बगलफूट काढायची रीत गावात दुसऱ्या कोणाची नव्हती. बाकीचे लोक पानाच्या बगलेत निघालेली प्रत्येक फूट काढून टाकत. उखा पहिल्या फुलाच्या लगेच खालची एक फूट राखायचा आणि तिलाही झाडाबरोबर बांबूला बांधायचा. लहानपणी ती चुकून खुडल्याबद्दल ललितने मार खाल्ला होता.

उन्हं उतरायला लागली होती. शेजारच्या अंगणात मिरची वाळत होती, तिचा ठसका अधूनमधून येत होता. माणूस उठला. प्रतिभाने विळा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. पहिल्या झाडापाशी तो उकिडवा बसला आणि अंगठ्याच्या नखाने फुटवे मोडू लागला. मातीला टेकलेली खालची पानं काढली. मग वरचे फुटवे. मग त्याचा हात पहिल्या फुलाखाली आला.

सुगंधाबाई बघत होत्या.

त्याने तिथली फूट दोन बोटांत धरली, जरा वाकवून पाहिली आणि सोडून दिली. मग सुतळी मागितली.

दुसऱ्या झाडाला तेच. तिसऱ्यालाही. त्याची बोटं हिरवी-काळी झाली होती.

ललित त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"नाना," त्याने लहानपणी वडिलांना मारायचा तशी हाक मारली.

माणसाने मान डोलावली.

गुरुजींना आजच घेऊन येतो, म्हणत ललितने मोटरसायकल काढली. प्रतिभा डोळे पुसत शिरा करायला आत गेली. जाता जाता सासूला म्हणाली, "आत्याबाई, आते तरी राग सोडा."

परसात दोघंच उरली. सुगंधाबाई खाली उतरल्या. करायला काही हवं म्हणून त्यांनी खुडलेले फुटवे गोळा केले आणि कुंपणाबाहेर टाकायला निघाल्या.

"तू कोन शे?" त्या त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या. "खरं सांग. मी कोनले सांगाव नही."

तो उठून त्यांच्याजवळ आला. त्यांच्या ओंजळीतून त्याने एक फुटवा उचलला आणि झाडाच्या आळ्यात, ओल्या चिखलात, अर्धा खुपसला.

"ह्या फेकू नको. ह्या मरतस नहीत. वल्ली माती भेटनी का जगी जातस."

अंगठ्याने त्याने भोवतालची माती दाबली. मग पहिल्यांदाच त्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तू बी माले वल्ली मातीमाच गाडेल व्हतं."