तिसरं वाक्य

वैद्य इपुकीने नेबनेफरच्या मांडीत सुई टोचली. नेबनेफर त्याच्याकडे बघत राहिला.

"टोचायची तर टोचा ना, वैद्यराज," तो म्हणाला.

सुई बोटभर आत होती.

नेबनेफर पाथरवट. सकाळी देवळाच्या कामावर विटांच्या उतारावरून तो खाली आला, तो थेट डोक्यावर. चौघांनी त्याला फळीवर घालून घरी आणलं. खालची चटई ओली झाली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. इपुकीने मानेवरून बोट फिरवलं. मणका आत दबला होता.

इपुकीला गुरूने आपल्या पोथीतली तीन वाक्यं शिकवली होती. यावर मी उपचार करीन. याच्याशी मी झुंजेन. याला उपचार नाही. तिन्हींपैकी एक रोग्यासमोर मोठ्याने बोलायचं, अशी रीत होती. तिसरं बोलून झालं की तो हात धुऊन निघायचा. वीस वर्षांत किती घरांतून तो असा निघाला होता. मागे काय होतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"याला उपचार नाही," तो म्हणाला.

नेबनेफरने डोळे मिटले. आणणारे चौघे मान खाली घालून बाहेर पडले. इपुकीने हात धुतले.

नेबनेफरची बायको मेरित रडली नाही. ती दारात येऊन उभी राहिली.

"उपचार नाही, कळलं मला. पण त्याला पाणी कसं पाजू? मघाशी ठसका लागून काळानिळा पडला. तुमच्या पोथीत काय लिहिलंय?"

पोथीत काहीच नव्हतं. इपुकी ओल्या हातांनीच परत खाली बसला. त्याने लव्हाळ्याची नळी मागितली आणि नेबनेफरच्या गालात एकेक थेंब सोडू लागला.

मग तो रोज दोनदा येत राहिला. मेरितबरोबर त्याला कुशीवर वळवायचा, पाठीच्या जखमांना मध लावायचा. सातव्या दिवशी ताप चढला. पुढे श्वास तोकडा होत गेला. देवळाची भिंत कुठवर आली, एवढं नेबनेफर रोज विचारायचा. बाराव्या दिवशी त्याने विचारलं नाही.

त्याला पुरून आल्यावर इपुकीने गुरूची पोथी उलगडली. तिसऱ्या वाक्याखालची जागा आजवर कोरीच होती. त्याने बोरू शाईत बुडवला आणि तिथे लिहिलं, "त्याला तहान लागते."