बावीस गिरक्या

फोटोतल्या खोप्याखाली काळ्या दोऱ्याचं टोक जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर आलं होतं. भिंगातून ते दिसलं आणि वृंदाच्या लक्षात आलं की ऐंशी वर्षांपूर्वीचा हा खोपा पिनांवर नव्हे, केसांत गुंफलेल्या दोऱ्यावर उभा होता.

त्याच काळातल्या नाटकाची आज रंगीत तालीम होती. दुसऱ्या अंकात नायिका फुगडी घालते, आणि मागच्या दोन्ही तालमींत तिचा खोपा सुटून पाठीवर आला होता.

“आज सुटला तर सरळ केसांचा टोप लावायचा,” केशरचनेचं काम घेतलेल्या पार्लरच्या मॅडमनी वृंदाला बजावलं. “आणि तू उद्यापासून परत हेअर स्ट्रेटनिंगला.”

पार्लर सोडून फक्त नाटकांतले केस बांधायचे, असं वृंदा दोन वर्षं मनाशी म्हणत होती. मॅडमना मात्र अजून सांगितलं नव्हतं.

तिने स्प्रे बाजूला ठेवला. नायिकेच्या केसांत दोरा गुंफला, वेणी वळवली, दोनच आकडे खोचले.

फुगडी सुरू झाली. वृंदाने बावीस गिरक्या मोजल्या. खोपा तसूभरही हलला नाही.

पहिल्या रांगेतून कुमुदताई उठल्या. चाळीस वर्षांपूर्वी हीच भूमिका त्यांनी केली होती. त्यांनी खोपा चाचपला. “अगं बाई, आगवळाचा दोरा गुंफलेला खोपा! माझी आई अस्सा बांधायची. आम्हाला कुणाला जमला नाही, आम्ही टोपच घातले.”

“आमच्या पार्लरचं काम आहे, ताई,” मॅडम हसत म्हणाल्या.

“शेवटचं, मॅडम,” वृंदा म्हणाली. “मी पार्लर सोडतेय. यापुढे फक्त नाटकांतले केस बांधणार.”