जयंतीचे सदरे

दुधाचे साहेब येणार म्हणून वस्तीतल्या बायांनी पहाटेच गोदावरीच्या वाळूत झिरे उपसले आणि पस्तीस पोरांना आंघोळी घातल्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष, प्यायच्या पाण्याची मारामार. पण पाहुण्यासमोर पोरं मळकी कशी उभी करायची? भीमजयंतीला शिवलेले पांढरे सदरे पेटीतून निघाले. कुणाकडून तरी वाटीभर तेल आणलं, ते सगळ्यांच्या डोक्यांना पुरवलं. खडी फोडायच्या कामावरची त्या दिवसाची हजेरी बुडाली ती वेगळीच.

शहागडच्या रस्त्यानं जीप आली. साहेब पुण्याच्या एका धर्मादाय संस्थेचे. त्या संस्थेच्या मदतीवरच समाजमंदिरातलं दूधकेंद्र चाललं होतं. रोज सकाळी पावडरच्या दुधाचा एक पेला. बऱ्याच पोरांच्या पोटात दिवसभरात तेवढंच काय ते जायचं. मदतीची मुदत महिनाअखेरीला संपत होती, आणि ती वाढवायची की नाही ते साहेब आज ठरवणार होते.

केंद्र सत्यशीला चालवायची. सातवी शिकलेली, वस्तीचीच सून. तिनं पोरांना रांगेत उभं केलं. पोरांनी एका सुरात "जय भीम, साहेब" म्हटलं. साहेबांनी दोघातिघांचे गाल थोपटले, कापलेली नखं पाहिली, मग बाजेवर बसून गुळाचा कोरा चहा घेतला आणि वही उघडली.

"छान ठेवलीत हो मुलं," ते म्हणाले. "खरं सांगू का बाई, इथली परिस्थिती बरीच बरी दिसते. पलीकडच्या गावांत मुलांकडे बघवत नाही. या खेपेला मदत तिकडे वळवावी लागेल."

सत्यशीलेनं रांगेकडे पाहिलं. पोरं नीटनेटकी आणा, असं घरोघर जाऊन तिनंच सांगितलं होतं. मोठ्या हौसेनं सांगितलं होतं.

"साहेब, हे सदरे वरून हायेत," ती म्हणाली. "आत काई न्हाई."

तिनं मालनबाईच्या चार वर्षांच्या वसंताला पुढं ओढलं आणि त्याचा सदरा वर केला. बरगड्या मोजून घ्याव्यात आणि खाली फुगलेलं पोट. साहेबांनी चष्मा काढला. माणूस काही वाईट नव्हता.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

उत्तर दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या पुंजारामनं दिलं. वस्तीत त्याच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. "दाखवायचं कशापायी, साहेब? हात पसरायचं, उघडंनागडं उभं राह्यचं, ते सोडायलाच धम्म घेतला आमी. सतरा वर्षं झाली."

साहेब वही मिटून उठले. मग जीपमधून कॅमेरा घेऊन आले.

"बाबा, माझ्या नुसत्या लिहिण्यानं काही होत नाही. पैसा देणारी माणसं लांबची. ती फोटो बघतात. सगळ्यांचे सदरे काढा. एकच फोटो घेतो, मदत नक्की मिळेल."

कुणी जागचं हललं नाही. बाया पुंजारामकडे बघत होत्या. पुंजाराम वसंताच्या पोटाकडे बघत होता. बऱ्याच वेळानं तो उठला, रांगेकडे पाठ करून बसला.

"काढा मंग," तो म्हणाला. "मला बघायला लावू नका."

बायांनी बटणं काढली. सदरे घड्या घालून आपापल्या खांद्यावर ठेवले. पस्तीस उघडी पोरं उन्हात उभी राहिली. पण कॅमेरा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एकानं दुसऱ्याला ढोसलं, दुसरा फिस्कन हसला, आणि हसू रांगभर पसरलं. वसंता तर सगळे दात दाखवून हसत होता.

"बाई, हसू नका म्हणावं त्यांना. हसरा फोटो चालायचा नाही."

सत्यशीला रागावली. पोरं आणखीच हसली. हे हसू आणायला तिला पाच महिने लागले होते. दूध सुरू झालं तेव्हा यांतली निम्मी पोरं रडतसुद्धा नव्हती, नुसती पडून असायची. ती रांगेपुढं उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली,

"जो हसंल, त्याला उद्यापासून दूध न्हाई."

पस्तीस तोंडं एकदम उतरली. साहेबांनी बटण दाबलं. सत्यशीलेला स्वतःचीच किळस आली.

दूध चालू राहिलं. पुढल्या महिन्याच्या एक तारखेलाच पावडरची पोती आली, आधीपेक्षा दोन जास्त.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भर दुपारी धुरळा उडवत एक जीप वस्तीत शिरली. ती देवीची लस टोचणाऱ्यांची होती. पोरं लिंबाखाली खेळत होती. सत्यशीला हात पुसत बाहेर येईपर्यंत त्यांनी आपले रोजचे फाटके सदरे काढून टाकले होते आणि समाजमंदिरासमोर ओळ धरली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. लसवाले पेटी हातात धरून बघतच राहिले.

"घाला रे सदरे," सत्यशीला म्हणाली. "हे दुधाचे साहेब न्हाईत."

एकही पोर हललं नाही. तिनं धुळीतला वसंताचा सदरा उचलला आणि त्याच्या डोक्यातून घालायला गेली. त्यानं दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून धरले होते. ओठ न हलवता तो पुटपुटला,

"बाई, म्या न्हाई हसलो."