पडद्यामागचं झाड

सासूबाईंनी दिवा लावला आणि पांढऱ्या पडद्यावर झाड उगवलं. जुनं, रुंद, खाली वाकलेल्या एका मोठ्या फांदीचं. समोरच्या अंधारात खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, मग सगळं शांत झालं.

पडद्यामागे दोघी बसल्या होत्या. डावीकडे सासूबाई, हातात झाडाची काठी. उजवीकडे सून, हातात पाखराची. सावल्यांच्या या खेळात बोलायचं ते सासूबाईंनी. सुनेनं फक्त पाखरू हलवायचं.

“घड्याळजी आलाय,” पडद्याच्या फटीतून बघत सासूबाई कुजबुजल्या. “मागच्या रांगेत. लोकांची घड्याळं चालती करतो आणि स्वतः बापडा थांबलाय.”

सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घड्याळजीनं तिला लग्नाचं विचारलं होतं. आजचा खेळ झाला की उत्तर देते, असं ती म्हणाली होती, आणि उत्तर ठरलेलं होतं: नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कुठं जायचं? घरात तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंचा मुलगा गेल्यापासून त्या घरात मनातलं सरळ असं कुणी बोलतच नसे. जे काही असेल ते पडद्यामागे, गोष्टीतून. “लेकी बोले सुने लागे म्हणतात,” सासूबाई म्हणायच्या, “पण मला लेक कुठाय? मग बोलते पाखराशी.”

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. वादळात झाडाची फांदी तुटते. त्या फांदीवर राहणारं पाखरू तरीही झाड सोडत नाही. झाड म्हणतं, ‘बस, बाळा,’ आणि पाखरू बसून राहतं. खेळ संपला की शाळेतले मास्तर उठून अर्थ सांगत. झाड म्हणजे आधार, पाखरू म्हणजे निष्ठा. सासूबाई मान डोलावत. घरी आल्यावर म्हणत, “मास्तरांना सगळं कळतं गं, गोष्ट तेवढी सोडून.”

वादळ झालं. फांदी पडली. सुनेनं पाखरू अलगद बुंध्याशी टेकवलं. पडद्याला चिकटलेलं असल्यामुळे त्याची चोच, पिसं, सगळं रेखीव दिसत होतं. तिनं मनगट सैल सोडलं. ‘बस, बाळा’ आलं की आजचं तिचं काम संपत होतं.

“ऊठ, पाखरा,” झाड म्हणालं.

सून दचकली. “आई, इथं ‘बस’ आहे.”

“गोष्ट माझी आहे. तू पाखरू सांभाळ,” सासूबाई पुटपुटल्या. आणि मोठ्यानं म्हणाल्या, “ऊठ, पाखरा. फांदी गेली ती माझी गेली. तू कशाला तिच्या जागी बसून राहिलंस?”

समोर चुळबूळ झाली. पाखरू हललं नाही. दिव्याच्या उबेत सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ झालं होतं. सुनेला स्वतःचा हात दिसत होता, हातातली काठी दिसत होती. पण काठीच्या टोकाला पाखरू आहे की आपणच, हे तिला नीट कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाखरू बोललं.

“आणि तुला पाणी कोण घालेल?”

“घ्या! पाऊस काय तुला विचारून पडतो?”

लोक हसले. मागच्या रांगेतून हसू आलं नाही.

“एकटं वाटेल तुला.”

“वाटेल की. पण तू त्या तुटक्या जागेशी बसून राहतंस ना, म्हणून मला रोज ती जागाच दिसते.”

हे खरं होतं, की पाखरू उडावं म्हणून मारलेला खडा होता? सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

पाखराला घालवायचं तर सरकवत सरकवत पडद्याच्या कडेबाहेर न्यायचं, अशी रीत. तिला ते जमेना. कडेला गेलेली सावली कापल्यासारखी नाहीशी होते. तिनं पाखरू पडद्यापासून सोडवलं आणि हळूहळू मागे, दिव्याकडे आणलं. हातातलं चामड्याचं पाखरू होतं तेवढंच राहिलं. पडद्यावरचं मात्र मोठं होत गेलं. त्याच्या कडा विरघळल्या, पिसं धूसर झाली, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरले. बुंधा, पानं, तुटकी जागा, सगळं त्या मऊ काळोखाखाली आलं.

“अगं बाई, गेलं का आलं ते?” पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

 

पाखरू दिव्याच्या मागे गेलं आणि पडदा पुन्हा पांढरा झाला. त्यावर आता एकटं झाड होतं. गोष्टीत या ठिकाणी वारा नव्हता. तरी ते हलत होतं.